घर केलेली बस रात्री कोठे उभी करावी? इंदूरहून निघणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

शाळेची जुनी बस घेऊन तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि सौर पॅनेल बसवणाऱ्यांना सुतारकामाची आणि वायरिंगची माहिती आता सहज मिळते. बस तयार झाल्यावर मात्र रोज संध्याकाळी एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे आज रात्री ही गाडी कोठे उभी करून झोपायचे. परदेशी व्हिडिओ पाहून तयारी केलेल्यांची येथे विशेष पंचाईत होते. अमेरिकेत वॉलमार्टच्या अनेक दुकानांच्या आवारात व्यवस्थापकाच्या संमतीने रात्रभर गाडी उभी करता येते, आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यातील सरकारी जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांच्या काळात १४ दिवसांपर्यंत विनामूल्य मुक्काम करता येतो. आपल्याकडे यातले काहीही नाही. माळव्यात रस्त्याच्या कडेला जी जमीन मोकळी दिसते ती महामार्ग प्रशासनाची, वन खात्याची, ग्रामपंचायतीची, लष्कराची नाहीतर एखाद्या शेतकऱ्याची असते. त्यामुळे आपल्याकडे जागा शोधण्याआधी त्या जागेबद्दल ‘हो’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस शोधावा लागतो, आणि पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीभोवती फिरतात. लेख प्रामुख्याने इंदूरहून उज्जैन, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर किंवा सेंधव्यावरून धुळे-नाशिककडे जाणाऱ्या कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

आधी बसची मापे आणि कागद

मुक्कामाच्या बहुतेक अडचणी बस कोठे मावते हे चालकाला नक्की माहीत नसल्यामुळे उद्भवतात. लहान शाळा-बसची लांबी सात मीटरच्या आसपास असते, पन्नास मुलांच्या बसची दहा मीटरपर्यंत जाते; उंची मुळात तीन मीटरच्या घरात असली तरी छतावर पॅनेल, टाकी किंवा सामानाची जाळी बसवल्यावर ती सहज एक फुटाने वाढते. टायरमध्ये पूर्ण हवा असताना छतावरील सर्वांत उंच वस्तूपर्यंतची उंची टेपने मोजावी आणि ती फूट-इंचांत स्टिअरिंगसमोर चिकटवावी. रेल्वेखालचे पूल, वाहनतळाच्या दारावरील लोखंडी आडवे दांडे, गावांच्या स्वागत कमानी आणि लग्नसराईत रस्त्यावर ओढलेल्या माळा या चारही ठिकाणी हाच आकडा लागतो.

दुसरी गोष्ट रंगाची. पिवळ्या रंगाची, ‘स्कूल बस’ असे लिहिलेली गाडी रात्री अकरा वाजता ढाब्यामागे उभी दिसली, तर गस्तीवरील पोलिसाने चौकशी करणे स्वाभाविकच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या रचनेतील बदलाला परिवहन कार्यालयाची मान्यता आणि नोंदणी प्रमाणपत्रात त्याची नोंद लागते. खासगी वापराचे मोटार कॅरॅव्हॅन हा स्वतंत्र वाहनप्रकार आहे आणि त्यासाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. ही नोंद झालेली नसताना लांबच्या प्रवासाला निघू नये, कारण अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यालाही तीच नडते. नोंदणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये असले तरी रात्रीच्या चौकशीत कागदी प्रत पटकन पुढे करता येते, म्हणून ती दाराजवळच्या कप्प्यात ठेवावी.

जागा दुपारीच ठरते

अशी बस दिवसाला दोनशे किलोमीटरहून जास्त चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्यक्षातला सरासरी वेग ताशी चाळीसच्या आसपास राहतो. म्हणजे सकाळी नऊला निघून चहा-जेवणाचे थांबे धरले तरी चार-साडेचारला मुक्कामाच्या परिसरात पोहोचता येते. सूर्यास्तापूर्वी निदान एक तास हाताशी असेल, तर पहिल्या ठिकाणी नकार मिळाल्यावर दुसरे पाहता येते. अंधार पडल्यावर विनंती करणारा माणूस संशयास्पद वाटतो, शिवाय जमीन, तारा आणि उतार नीट दिसत नाहीत.

निघण्यापूर्वी नकाशावर एक नव्हे, तीन जागा हेराव्यात. पहिली मनाजोगती, दुसरी तिच्यापासून दहा-पंधरा किलोमीटर पुढे, आणि तिसरी अशी की जेथे सोय कमी असली तरी नकाराची शक्यता जवळजवळ नाही. ही तिसरी जागा बहुधा महामार्गावरचा मोठा पेट्रोल पंप असते. उपग्रह-चित्रात तीन गोष्टी पाहाव्यात. मुख्य रस्त्यावरून आत शिरणारा फाटा बसला वळता येईल एवढा रुंद आहे का, आत गेल्यावर मागे न घेता वळसा घालून बाहेर पडता येते का, आणि आवारात ट्रक उभे दिसतात का. जेथे ट्रक उभे दिसतात, तेथे जमीन वजन पेलते आणि वरच्या तारा उंच आहेत, हे बहुतांशी गृहीत धरता येते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या ‘राजमार्गयात्रा’ या ॲपमध्ये मार्गावरील पंप, दवाखाने आणि इतर सुविधा दिसतात. संभाव्य ठिकाणांना दुपारच्या जेवणाच्या वेळीच फोन करून विचारावे.

नियोजनात घाटांचा आणि हवेचा विचार नकाशावर ठळक दिसत नाही, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, तर महेश्वर जेमतेम दीडशे मीटरवर. मानपूरनंतर महामार्ग घाट उतरून निमाडात जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत हा फरक पत्र्याच्या बसमध्ये झोपणाऱ्याला चांगलाच जाणवतो. माळव्याच्या थंड रात्रींची ख्याती उगाच नाही. उन्हाळ्यात शक्य असेल तर घाटाच्या वर, मानपूरच्या अलीकडे मुक्काम करून पहाटे खाली उतरावे, आणि थंडीत नेमके उलट करावे. धुळ्याकडे जाताना सेंधव्यापुढचा बिजासन घाट, आणि खंडव्याच्या रस्त्याने ओंकारेश्वरला जाताना सिमरोलपुढचा भेरूघाट, हे दोन्ही उजेडातच पार करावेत. घाटाच्या अलीकडे थांबायचे की पलीकडे, हा निर्णय संध्याकाळवर ढकलू नये.

पेट्रोल पंप आणि ढाबा

महामार्गावरचा मोठा पेट्रोल पंप ही नवख्या कुटुंबासाठी सर्वांत भरवशाची जागा आहे. सर्व पंप सारखे नसतात. इंडियन ऑइलचे ‘स्वागत’ आणि भारत पेट्रोलियमचे ‘घर’ या नावांचे महामार्गावरील पंप मुळात लांब पल्ल्याच्या वाहनांसाठी उभारलेले असल्यामुळे तेथे ट्रकांसाठी प्रशस्त आवार, स्वच्छतागृहे आणि खाण्याची सोय असते. कंपनी स्वतः चालवते ते पंप, ज्यांना चालक मंडळी ‘कोको’ म्हणतात, तेही सहसा बरे असतात. हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या सुविधा ग्राहकांना विनामूल्य देणे पंपांवर बंधनकारक आहे. रात्रभर गाडी उभी करू देणे मात्र पूर्णपणे त्यांच्या मर्जीवर आहे, हा भेद लक्षात ठेवून बोलावे.

पंपावर शिरताच नोझलजवळच्या मुलाला विचारू नये. तो संकोचाने हो म्हणतो आणि रात्री दहाला पाळी बदलल्यावर नवा माणूस येऊन दार ठोठावतो. आधी डिझेल भरावे, मग कार्यालयात जाऊन व्यवस्थापकाशी बोलावे. इंदूर परिसरात ‘भिया’ या संबोधनाने अर्धे काम होते: “भिया, परिवार साथ में है, रात भर गाड़ी पीछे खड़ी कर लें? सुबह सात बजे निकल जाएँगे।” सेंधवा ओलांडून शिरपूरच्या बाजूला गेले की हेच “दादा, सोबत लेकरंबाळं आहेत, रातभर गाडी मागं लावू का?” असे विचारावे. या एका वाक्यात कोण आहोत, किती वेळ थांबणार आणि कोठे उभे राहणार, या तिन्ही गोष्टी येतात. होकार मिळाल्यावर आणखी तीन प्रश्न विचारावेत. इंधनाचा टँकर रात्री येतो का आणि तो कोठे उभा राहतो, पंप रात्रभर चालू असतो की बंद होतो, आणि रात्रपाळीला कोण आहे. रात्रपाळीच्या माणसाला स्वतः भेटून नाव सांगावे.

पंपावरच्या मुक्कामाला एक कडक अट आहे, आणि ती परवानगी देणाऱ्याने सांगितली नाही तरी पाळायची आहे: पंपाच्या आवारात गॅस पेटवू नये, जनरेटर चालवू नये, धूम्रपान करू नये. हवेत मिसळलेली इंधनाची वाफ कोठवर पसरली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ज्या रात्री पंपावर थांबायचे, त्या दिवशी स्वयंपाक दुपारीच उरकावा किंवा शेजारच्या ढाब्यावर जेवावे. सकाळचा चहाही बाहेरच.

ढाब्याचे गणित वेगळे आहे. तेथे जेवण घेतले की गाडी उभी करायला सहसा कोणी हरकत घेत नाही, पण आवाज, दारू पिऊन आलेली गिऱ्हाइके आणि रात्रभर येणारे-जाणारे ट्रक यांचा त्रास सोसावा लागतो. बायका-मुले बरोबर असतील तर आधी स्वच्छतागृह स्वतः पाहून यावे आणि मगच जेवण सांगावे. ढाब्यासमोरची मोकळी पट्टी पुष्कळदा महामार्गाचीच जमीन असते, त्यामुळे बस समोर नव्हे, बाजूला किंवा मागे लावावी. शीतगृहाच्या ट्रकाशेजारी उभे राहू नये. त्याचे थंडाई यंत्र रात्रभर घरघरत राहते आणि डोळ्याला डोळा लागत नाही.

महामार्गावरील ट्रक ले-बाय, म्हणजे ट्रक थांबण्यासाठी रस्त्यालगत राखलेल्या जागा, आणि टोल नाक्याजवळच्या मोकळ्या जागा काही तासांच्या विश्रांतीपुरत्या ठीक आहेत. कुटुंबासह पूर्ण रात्र काढण्यासाठी मी त्या सुचवणार नाही, कारण तेथे ‘हो’ म्हणणारा आणि रात्री जबाबदारी घेणारा असा कोणीच नसतो. डिझेल आणि बॅटरीची चोरीही अशाच ठिकाणी होते. टाकीला कुलूपाचे झाकण बसवून घ्यावे.

संस्थाने, धर्मशाळा आणि परिक्रमेचे आश्रम

मराठी प्रवाशाच्या हाताशी असलेली आणि परदेशी मार्गदर्शनात कोठेही न सापडणारी सोय म्हणजे तीर्थक्षेत्रांतील भक्तनिवास. श्री गजानन महाराज संस्थानाची शेगावप्रमाणेच ओंकारेश्वर, पंढरपूर आणि त्र्यंबकेश्वर येथेही भक्तनिवासाची व्यवस्था आहे. शिर्डीला साई संस्थानाची निवासस्थाने आहेत. अशा ठिकाणी ‘बसमध्ये झोपू का’ असे विचारण्याऐवजी एक खोली घ्यावी आणि बस वाहनतळावर उभी करावी. आंघोळ, स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी या तिन्ही गरजा भागतात, घरातील वृद्धांना पाय पसरून झोपता येते आणि नियमाचा प्रश्नच उरत नाही. वाहनतळावर गाडीत झोपण्यास बहुतेक संस्थानांची मनाई असते. ती मोडून रात्री पडदे ओढून बसणे शोभत नाही.

नर्मदेच्या काठचे आश्रम हा याहून वेगळा प्रकार आहे. परिक्रमेचा काळ चातुर्मास संपल्यावर सुरू होतो, आणि बसने परिक्रमा करणारे मराठी गटही मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे ओंकारेश्वर, मंडलेश्वर, महेश्वर येथपासून थेट गुजरातमधील गरुडेश्वरापर्यंत बस उभी राहील असे आवार असलेले आश्रम आणि धर्मशाळा सापडतात. गरुडेश्वरला तर वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामींची समाधी असल्याने मराठी माणसाची ये-जा कायमचीच. परंतु ही सोय पायी परिक्रमावासींसाठी आहे, हे विसरता कामा नये. कार्तिक ते फाल्गुन या गर्दीच्या काळात आश्रमाचे पाणी आणि स्वच्छतागृह यांवर आपला भार टाकू नये. स्वतःच्या टाकीतील पाणी वापरावे, पंगतीला बसलो तर शिधा किंवा देणगी द्यावी, आणि व्यवस्थापकांना “काका, आम्ही परिक्रमेत नाही, फक्त आजची रात्र” असे आधीच स्पष्ट सांगावे. दिशाभूल करून मिळवलेली जागा पुढच्या माणसाची वाट बंद करते.

काही शहरांतील महाराष्ट्र मंडळे आणि मराठी समाजाची मंगल कार्यालये हाही उपयोगी पर्याय आहे. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी कार्यालयाचे आवार रिकामे असते, रखवालदार असतो, पाणी असते. फोन करताना पंचांग पाहून करावा. मुहूर्ताच्या दिवशी अशी विनंती करणे म्हणजे व्यवस्थापकाच्या संयमाची परीक्षा पाहणे होय.

मध्य प्रदेश पर्यटनाच्या मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर आणि हनुवंतिया येथील निवासांना आवार आहे आणि पहारा आहे. खोली घेतली किंवा निदान जेवण तेथेच घेतले, तर बसबद्दल बोलता येते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आहे, त्यामुळे तिकडच्या पर्यटन निवासांत विचारताना ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द वापरावा. ‘शाळेची बस’ म्हटले की समोरचा सहलीच्या मुलांचा हिशेब करू लागतो.

शेतातला मुक्काम

ओळखीच्या किंवा ओळखीतून मिळालेल्या शेतावरचा मुक्काम सर्वांत सुखाचा, आणि सर्वांत जास्त फसवणारा. कारण माळव्याची काळी माती. वरून वाळून भेगाळलेली ही माती चालताना दगडासारखी वाटते, पण खालचा थर ओला असेल तर सहा ते दहा टनांची बस सावकाश रुतत जाते, आणि मागची जोडचाके एकदा रुतली की ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. हिवाळ्यात अवेळी येणारा मावठा तर रात्रीतून सगळे चित्र पालटतो: संध्याकाळी कोरडी असलेली वाट सकाळी लोण्यासारखी झालेली असते. यावर नियम सोपा आहे. मुरूम किंवा खडी टाकलेल्या पट्ट्यावरून चाक खाली उतरवू नये, खळ्याची किंवा घरासमोरची टणक जागा मागावी, आणि आभाळ भरलेले असेल तर आतल्या वाटेने जाऊच नये. पाटाचे किंवा ठिबकचे पाणी त्या बाजूला आज सोडणार आहेत का, हेही विचारावे.

अनोळखी गावात थांबायचे असेल तर सरपंच, पटेल किंवा शाळेचे शिक्षक यांपैकी एकाला भेटावे. गावकऱ्यांची उत्सुकता हा त्रास मानू नये. मुलांना बस आतून दाखवली की तास-दीड तासाने सगळे आपापल्या घरी जातात आणि रात्री तेच आपली राखण करतात. पैसे देऊ केल्यास शेतकरी बहुधा घेत नाही. त्याऐवजी घरात मुलांसाठी खाऊ द्यावा, किंवा त्याच्याकडूनच दूध-भाजी विकत घ्यावी.

इंदूर शहरात रात्र काढायची असेल तर

शहरातल्या शहरात मुक्काम करण्याची गरज सहसा पाहुण्यांना पडते, किंवा बस दुरुस्तीला आणणाऱ्यांना. अवजड वाहनांना शहरात दिवसा प्रवेशबंदीच्या वेळा आहेत, त्यामुळे बायपासवरून कोणत्या बाजूने आणि केव्हा आत यायचे हे वाहतूक पोलिसांकडून आधी विचारून घ्यावे. वसाहतीतील रस्त्यावर, म्हणजे लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरातल्या नातेवाइकांच्या दारात, बस लावण्याचा मोह टाळावा. गल्ली अडते, कचरागाडीला सकाळी वळता येत नाही, आणि नातेवाइकांना नंतर शेजाऱ्यांची बोलणी खावी लागतात. त्यापेक्षा प्रवासी बस चालवणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाच्या आवारात रात्रीचे भाडे देऊन बस ठेवावी, किंवा देवास नाक्याच्या बाजूला ट्रकांच्या वाहनतळावर सोय पाहावी, आणि झोपायला नातेवाइकांकडे जावे. सुट्टीत शाळांची मैदाने रिकामी असतात. मुख्याध्यापकांची किंवा संस्थेच्या सचिवांची लेखी संमती मिळाली तर याहून समर्पक जागा दुसरी नाही.

सराफ्यात रात्री खायला जायचे असेल तर बस राजवाड्याच्या आसपास आणू नये, रिक्षाने जावे. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी आणि अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात त्या रात्री शहराच्या मध्यभागातील रस्ते बंद असतात. या दोन दिवशी बस बायपासच्या बाहेरच ठेवावी. उज्जैनला श्रावणातील सोमवारी महाकालाची सवारी निघते तेव्हा आणि महाशिवरात्रीला हीच स्थिती असते, आणि २०२८ च्या सिंहस्थात तर वाहनतळांची सारी व्यवस्थाच वेगळी असेल.

सांडपाण्याबाबत इंदूरमध्ये कोणतीही ढिलाई चालत नाही. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सातत्याने पहिले आलेले हे शहर २०२१ मध्ये देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले, म्हणजे प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदी-नाल्यांत जाऊ न देण्याची येथे व्यवस्था आहे. बसखालची नळी गटारीत सोडल्यास दंड होतोच, आणि नागरिकही टोकतात. ओट्याचे पाणी बंद टाकीत साठवावे, शौचालयाची पेटी सार्वजनिक शौचालयाच्या रखवालदाराला सांगून तेथेच रिकामी करावी. कचरा वेगवेगळा करूनच सकाळच्या गाडीत टाकावा.

जेथे थांबूच नये

महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यावर, द्रुतगती मार्गाच्या शोल्डरवर, पुलावर, वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि चौकाजवळ रात्रीचा मुक्काम करू नये. मागून येणाऱ्या पेंगुळलेल्या ट्रकचालकाला उभी बस शेवटच्या क्षणी दिसते, हे त्याचे खरे कारण आहे. कायदा त्यानंतर येतो. २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायद्याने महामार्गाच्या जमिनीचा ताबा महामार्ग प्रशासनाकडे आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले अथवा मनाईच्या जागी उभे केलेले वाहन पोलिसांना उचलून नेता येते. गाडी नाइलाजाने महामार्गावर बंद पडलीच तर १०३३ या क्रमांकावर कळवावे.

चोरल, पाताळपाणी, जामगेट या बाजूची रम्य ठिकाणे संध्याकाळनंतर सोडावीत. तो भाग जंगलाचा आहे, बिबट्याचा वावर आहे, आणि राखीव वनात परवानगीशिवाय मुक्काम किंवा चूल हा गुन्हा आहे. महूच्या छावणी परिसरातही रात्री थांबू नये. लष्करी पहाऱ्याला तुमच्या पडद्यांचे कौतुक नसते.

नदीच्या पात्रात किंवा घाटालगतच्या खोलगट वाळूवर कधीही बस उतरवू नये. नर्मदेचे पाणी केवळ पावसाने नव्हे, तर धरणातून सोडलेल्या पाण्यानेही वाढते. एप्रिल २००५ मध्ये, भर उन्हाळ्यात, देवास जिल्ह्यातील धाराजी येथे भूतडी अमावास्येला जमलेले भाविक इंदिरासागरातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले होते.

उतरून पाहणी, मग गाडी

परवानगी मिळाल्यावरही बस थेट आत घालू नये. एकाने उतरून संपूर्ण वाट पायी चालावी. वर पाहावे: तार, फांदी, दिव्याचा खांब. खाली पाहावे: गटाराचे झाकण, सेप्टिक टाकीची फरशी, पुरलेली पाइपलाइन, बसचे चाक जाऊ नये अशी ही तीन ठिकाणे असून ती सहसा नेमकी मोकळ्या कोपऱ्यातच असतात. मग आसपास कान द्यावा. समोर लग्नाचा मंडप दिसत असेल तर डीजे उशिरापर्यंत वाजणार, आणि दारूचे दुकान शेजारी असेल तर दुसरी जागा बघावी.

बस नेहमी बाहेर पडण्याच्या दिशेने तोंड करून लावावी, म्हणजे रात्री निघावे लागले तर मागे घ्यावी लागत नाही. एअर ब्रेक असलेल्या बसमध्ये रात्रभरात हवेचा दाब उतरतो, आणि इंजिन सुरू करून तो पुरेसा चढेपर्यंत गाडी हलत नाही. म्हणून टँकरच्या किंवा गेटच्या वाटेत ‘लागली तर काढू’ अशा भरवशावर ती उभी करू नये. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. जमीन किंचित कललेली असेल तर खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी घालून पाणसळीने पाहावे. थोडा उतार राहिलाच तर उशी चढाच्या बाजूला करावी. दाराची बाजू उजेडाकडे आणि माणसांच्या नजरेत असावी. एकांतात दार उघडणारी जागा रोमँटिक दिसते, पण सुरक्षित नसते.

रात्र

पहिला नियम श्वासाचा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत साचला होता. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपू नये, शेगडी किंवा सिगडी पेटती ठेवून खिडक्या बंद करू नयेत, दोन विरुद्ध बाजूंच्या खिडक्या बोटभर तरी उघड्या ठेवाव्यात, आणि उशीच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. शेजारी ट्रक इंजिन चालू ठेवून उभा असेल तर आपली जागा बदलावी. गॅससाठी पाच किलोची लहान टाकी पुरते. झोपण्यापूर्वी तिचा रेग्युलेटर बंद करावा.

मुक्कामाचा पसारा बसच्या बाहेर मांडू नये. खुर्च्या, दोरीवर कपडे, बाहेर चूल असे दिसू लागले की ‘गाडी उभी केली आहे’ याचे ‘बिऱ्हाड टाकले आहे’ असे होते आणि दिलेली परवानगी मागे घेतली जाते. रिसॉर्ट किंवा ओळखीचे शेत एवढाच याला अपवाद. प्रत्येकाने रात्री शौचालयाला जाण्याची वाट उजेडात पाहून ठेवावी. चालकाची जागा मोकळी आणि किल्ली ठरलेल्या खिळ्यावर असावी, आणि गाडी चालवू शकणाऱ्या निदान एकाने मद्य घेतलेले नसावे.

रात्री कोणी दार वाजवले तर लगेच दार उघडू नये. आतला दिवा लावून खिडकीतून विचारावे. पोलिस असतील तर शांतपणे कागद पुढे करावेत, कोणाच्या परवानगीने थांबलो ते नाव आणि फोन क्रमांकासह सांगावे. परवानगी देणाऱ्याचे नाव ठाऊक असणे किती उपयोगी पडते ते अशा वेळी कळते. निघा म्हणाले तर वाद न घालता तिसऱ्या जागेकडे निघावे. काही वेगळे वाटल्यास ११२ वर फोन करावा. एकाकी ठिकाणी थांबणार असाल तर संध्याकाळीच जवळच्या चौकीत गाडीचा क्रमांक सांगून ठेवणे चांगले.

सकाळ

सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी निघावे. निघण्यापूर्वी ठोकळे, फळी, पाण्याची नळी आणि छतावरची झडप तपासावी, हवेचा दाब पुरता चढू द्यावा, आणि बस पुढे काढल्यावर एकाने मागे जाऊन जमिनीवर तेलाचा डाग, कागद किंवा सांडलेले पाणी राहिले नाही ना, हे पाहावे. परवानगी देणाऱ्याला भेटून किंवा फोनवर निरोप द्यावा. वहीत त्या जागेची नोंद करावी: फाट्याची खूण, आवारात शिरण्याची बाजू, तारांची अंदाजे उंची, स्वच्छतागृहाची अवस्था, रात्रीचा आवाज, कोणाशी बोललो. पंप आणि भक्तनिवास यांच्या नोंदी इतरांना खुशाल द्याव्यात. शेतकऱ्याच्या खळ्याचा ठिकाणा मात्र त्याला विचारल्याशिवाय कोणालाही पाठवू नये.